जुना फोर बाय फोर ट्रक आणि कलम ५२

पन्नाशी ओलांडलेला फोर बाय फोर ट्रक दुरुस्त करून पुन्हा चालता करणाऱ्या मालकाला आपल्या कायद्यापुढे दोनच सोंगे घेता येतात. गाडीत काहीच बदललेले नाही असे सांगायचे, किंवा जे बदलले आहे त्याबद्दल गप्प बसायचे. माझे म्हणणे असे, की विचारपूर्वक बदललेल्या जुन्या गाडीला उघड, तपासलेली आणि नोंदलेली अशी तिसरी वाट मिळायला हवी. आणि ती वाट आखून पाहायला पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याइतकी सोयीची जागा देशात क्वचितच सापडेल.

उदाहरण म्हणून महिंद्राचा एफसी-१५० घेऊ. १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडणाऱ्या महिंद्राने १९६५ मध्ये हा पेट्रोल ट्रक आणून हलक्या मालवाहू गाड्यांच्या धंद्यात पाऊल टाकले. मूळ अमेरिकी गाडी १९५६ च्या अखेरीची. सीजे-५ जीपची ८१ इंची चासी, २१९९ सीसीचे चार सिलिंडरचे हरिकेन इंजिन, आणि चालकाची केबिन थेट पुढच्या अॅक्सलवर. बॉनेट गेल्याने एवढ्याशा लांबीत मालासाठी भरपूर जागा निघाली, पण सगळे वजन पुढे आले. मोकळ्या ट्रकला करकचून ब्रेक लावला की मागची चाके हलकी पडत. विलीजनेच १९५८ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर ४८ वरून ५७ इंचांवर नेले. म्हणजे बाजारात येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच कारखान्याने आपला आराखडा सुधारला. पुढे १९७९ मध्ये महिंद्राने प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि जीपच्या घराण्यात २११२ सीसीचे डिझेल इंजिन रुळले. या घराण्याचा इतिहासच बदलांचा आहे. त्यातला एक क्षण पकडून ‘हाच खरा’ म्हणणे संग्रहालयाला शोभते. चालत्या गाडीला ती सक्ती का?

आणि चालवायची म्हटले तर बदल टळत नाहीत. या पिढीच्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ब्रेकची वाहिनी एकच: कुठेही पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. दोन स्वतंत्र वाहिन्यांचा मास्टर सिलिंडर बसवणे याला हौस म्हणता येणार नाही. अॅक्सलचे गुणोत्तर ५.३८, त्यामुळे टॉप गिअरमध्ये इंजिन ३००० फेऱ्यांवर फिरत असताना ट्रक ताशी पाऊणशे-ऐंशी किलोमीटरच्या आसपास असतो. शेताच्या बांधावर आणि घाटात हे गुणोत्तर सोन्यासारखे. चाकणजवळ पुणे-नाशिक रस्त्यावर मागे कंटेनर लागलेला असताना मात्र इंजिन नुसते ओरडत राहते. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या इंधनपंपाचा पडदा, रबरी नळ्या, गॅस्केट हे काही त्यासाठी बनलेले नव्हते. इंधनच बदलले आहे, मग नळ्या तेवढ्या जुन्या ठेवायचा हट्ट कशासाठी?

कायदा मात्र या हट्टाच्या बाजूने झुकलेला आहे. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये. अट अशी, की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच. दुसरीकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२. १९८८ च्या मूळ कायद्यात नोंदणी अधिकाऱ्याला कळवून, त्याची मंजुरी घेऊन बदल करता येत होता. २००० च्या दुरुस्तीने उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदलच रोखला, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात तो अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तिसरी वाट ही नवी मागणी नाही, हे यातून दिसावे. ती २००० पर्यंत उघडी होती.

ती बंद झाली याला कारण होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. अवजड डिझेल इंजिन बसवायचे, ब्रेक आणि स्टिअरिंग मात्र पूर्वीचेच ठेवायचे, उंची वाढवण्यासाठी स्प्रिंगखाली ठोकळे घालायचे, वेल्डिंग कुणी तपासायचे नाही, असले जुगाड जीव घेतात. परंतु सरसकट बंदीने जुगाड थांबत नाही, लपतो. जो ब्रेक सुधारतो आणि जो चासी कापून लांब करतो, ते दोघे सारखेच गुन्हेगार ठरले तर प्रामाणिक मालकाला तपासणीला जाण्याचे कारणच उरत नाही. ब्रिटनने यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. तिथे बदललेल्या गाडीला गुण मिळत: मूळ चासीला ५, सस्पेन्शन, अॅक्सल, ट्रान्समिशन आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, इंजिनाला फक्त १. आठ गुण भरले तर जुना क्रमांक राही, नाहीतर स्वतंत्र तपासणी होऊन वेगळी पाटी मिळे. आपण ज्या इंजिनावर एवढे अडतो, त्याला तिथे सर्वांत कमी किंमत होती.

वारसा जपणाऱ्यांचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. मूळ इंजिनासह शाबूत राहिलेला एफसी-१५० आज दुर्मीळ आहे; अशा गाडीला हातोडा लावू नये, हे मान्य. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातल्या गाडीला कुणी पॉवर स्टिअरिंग बसवावे असे मीही म्हणणार नाही. पण जिचे इंजिन चाळीस वर्षांपूर्वीच कुणीतरी विकून टाकले, त्या गाडीपुढे बदल किंवा भंगार असेच पर्याय असतात. प्रदूषणाचा आक्षेपही खराच आहे: जुन्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. म्हणून वर्षाकाठी किलोमीटरची मर्यादा घालावी, इंजिन बदलायचेच तर नवे इंजिन जुन्यापेक्षा स्वच्छ असलेच पाहिजे अशी अट घालावी.

आता जागेचा मुद्दा. भोसरीच्या एमआयडीसीत गिअर कापणारे, कास्टिंग करणारे, शाफ्ट टर्न करून देणारे छोटे कारखाने आहेत. बाजारात न मिळणारा ट्रान्सफर केसचा गिअर एका नगापुरता बनवायला लागणारे कसब इथे आहे. फोर्स मोटर्स, म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो, आकुर्डीची. तिच्या ट्रॅक्सला मर्सिडीजच्या परवान्याचे २.४ लिटरचे डिझेल इंजिन असे, त्यामुळे त्या तऱ्हेची इंजिने उघडणारे जुने हात इथे आहेत. भोसरीत केंद्रीय रस्ते परिवहन संस्था, सीआयआरटी आहे, चाकणला एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचे तपासणी केंद्र आहे. एक दुवा मात्र तुटत चालला आहे. जुने सुटे भाग हुडकण्याची जागा म्हणजे भंगाराची गोदामे, आणि कुदळवाडीतल्या अशा गोदामांवर फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेचा बुलडोझर फिरला.

एका गाडीसाठी एआरएआयची तपासणी कुणाला परवडणार, हा शेवटचा आणि सर्वांत व्यवहारी प्रश्न. कंपनीच्या नव्या मॉडेलला लागते ती सगळी परीक्षा इथे नकोच. ब्रेकचे अंतर, स्टिअरिंगचा खेळ, चासीवरचे वेल्डिंग, वजनाची वाटणी आणि धूर, एवढे एका दिवसात तपासता येते. निकाल आरसीवर नोंदला गेला की विमा कंपनीलाही आपण कशाचा विमा उतरवतो आहोत ते कळेल. आज न कळवलेला बदल अपघातानंतर उघड होतो आणि दावा फेटाळला जाऊ शकतो.