मस्कतमधलं टपाल नव्या संगणकावर नेताना

रुवी-मत्राच्या जुन्या ट्रेडिंग कंपन्यांच्या कार्डांवर ‘ओमानटेल डॉट नेट डॉट ओएम’ने संपणारे ई-मेल पत्ते दिसतात. इंटरनेटच्या जोडणीसोबत मिळालेला मेलबॉक्स पुढे गिऱ्हाइकांना, पुरवठादारांना, बँकेला पाठ होऊन बसला, मग बदलणार कोण? अशा ऑफिसात हिशेब बघणाऱ्या मराठी माणसाकडे कधीतरी हे काम येतंच: संगणक बदलायचाय, मेल नव्यावर घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवल्यावर ते पुढे ढकलणंही अवघड झालं.

सगळे घाबरतात ते सेटिंग्जना. वास्तविक सेटिंग्ज म्हणजे चार-पाच ओळी: येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरची नावं, पोर्टचे आकडे, युजरनेम. मोबाइलने फोटो काढला की झालं. खरा प्रश्न मेल राहतात कुठे, हा. आउटलुकमध्ये (हे सगळं ‘क्लासिक’ आउटलुकचं) फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज उघडा. खात्यापुढे आयमॅप लिहिलं असेल तर मेल सर्व्हरवर आहेत. नव्या संगणकावर खातं जोडलं की आपोआप खाली उतरतात. पॉप लिहिलं असेल तर सावकाश. पॉप मेल उतरवून घेतं आणि सर्व्हरवरची प्रत सेटिंगप्रमाणे लगेच किंवा काही दिवसांनी पुसतं. आउटलुकमध्ये ही मुदत बहुधा १४ दिवसांची असते. म्हणजे कित्येक वर्षांची कोटेशनं आणि एलसीचा पत्रव्यवहार त्या एकाच जुन्या डिस्कवर.

त्याच खिडकीतल्या ‘डेटा फाइल्स’ टॅबवर फाइलचा पत्ता मिळतो. पॉपची फाइल पीएसटी, बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ फोल्डरात. शेवटी ओएसटी असेल तर तिच्यामागे लागू नका; ती सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत, दुसऱ्या संगणकावर चालत नाही. पीएसटी कॉपी करण्याआधी आउटलुक पूर्ण बंद करा. पेनड्राइव्हवर ढीगभर जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश आला, तर पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा आहे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तो रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

नव्या संगणकावर फाइल आधी जागेवर ठेवा, मगच खातं जोडा, आणि जोडताना ‘एक्झिस्टिंग आउटलुक डेटा फाइल’ निवडून तीच फाइल दाखवा. नाहीतर नवी कोरी फाइल तयार होते आणि दोन-दोन इनबॉक्स सांभाळत बसावं लागतं. सह्या वेगळ्या, लपवलेल्या फोल्डरात असतात. कंट्रोल दाबून ‘सिग्नेचर्स’ बटणावर क्लिक केलं की तो थेट उघडतो. जुन्या संगणकावरचं खातं मात्र बंद करा, नाहीतर निम्मे मेल तो ओढून घेईल.

पासवर्ड फाइलसोबत येत नाही. आउटलुक तो विंडोजच्या त्या युजरशी बांधून, कुलूपबंद ठेवतं. आठवत नसेल तर जुना संगणक चालू असतानाच बदलून घ्यावा. थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्राम याबाबत फारच उदार आहे: एक प्रोफाइल फोल्डर उचलला की खाती, मेल, पत्ते, पासवर्ड सगळं येतं. ‘टूल्स’मधलं ‘एक्सपोर्ट’ २ जीबीपर्यंत चालतं. त्यापुढे फोल्डर हाताने कॉपी करायचा. पण मग तो पेनड्राइव्ह कोणाच्याही हाती पडता कामा नये. साठवलेल्या पासवर्डांना कुलूप घालणारा थंडरबर्डचा ‘प्रायमरी पासवर्ड’ आधीच लावलेला बरा.

कायमचं भारतात परतणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. जीमेलला रिकव्हरीसाठी दिलेला नंबर +९६८चा असतो, आणि सिम बंद झालं की ओटीपी येणं संपतं. तो नंबर मस्कतमध्ये असतानाच बदला. जोडणीसोबत मिळालेला मेलबॉक्स जोडणी तोडल्यावर चालू राहील यावर विसंबू नका. तोडण्याचा अर्ज देण्याआधी पीएसटीच्या दोन प्रती काढा, दुसऱ्या संगणकावर त्यातली एक उघडून बघा, आणि बँक, विमा, मुलांची शाळा यांना नवा पत्ता कळवा.