जेवणापूर्वी म्हणजे केव्हा?

मी कला शाखेचा विद्यार्थी. औषधांविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे प्रारंभीच कबूल करतो. परंतु गेल्या आषाढी एकादशीला आमच्या घरी जो प्रसंग घडला, त्यानंतर मला वाटू लागले की हा प्रश्न निम्मा वैद्यकाचा असला, तरी निम्मा भाषेचा आहे. आणि भाषेविषयी चार शब्द बोलण्याचा हक्क आम्हां मराठीच्या विद्यार्थ्यांना कोणी नाकारणार नाही.

माझी आजी दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी राहते. वय सत्तरीपुढे. मधुमेहासाठी तिला ग्लिमेपिराइडची गोळी सुरू आहे. ‘सकाळी जेवणाआधी’ असे तिला सांगण्यात आले होते आणि वर्षभरात तिने एकही गोळी चुकवली नव्हती. त्या दिवशी उपवास. तिने पहाटे स्नान केले, कोरा चहा घेतला, नेमाने गोळी गिळली आणि विठ्ठलाच्या देवळात जाऊन बसली. भगर संध्याकाळी खायची होती. अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, ती असंबद्ध बोलू लागली. भजनातल्या बायांना वाटले, म्हातारीच्या अंगात आले! एक तर हळदकुंकू आणायला धावली. सुदैवाने गावच्या आशाताई तेथेच होत्या. आजी शुद्धीवर आहे, घोट गिळू शकते, एवढे पाहून त्यांनी तिला साखरेचे पाणी पाजले आणि लगेच दवाखान्यात पाठवले.

नंतर त्यांनीच मला उलगडून सांगितले. ही गोळी शरीराला अधिक इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आले नाही तरी ती आपले काम करीतच राहते, आणि रक्तातील साखर वाजवीपेक्षा खाली जाते. साखरपाण्याने हुशारी आली तरी गोळीचा अंमल कित्येक तास राहतो. साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून दवाखाना.

म्हणजे ‘जेवणाआधी’ या शब्दात ‘आणि मग जेवायचेच’ ही अट दडलेली होती. सांगणाऱ्याला ती इतकी उघड वाटली की त्याने ती उच्चारली नाही. ऐकणारीने जेवढे उच्चारले गेले तेवढे तंतोतंत पाळले. आजीची चूक निष्काळजीपणाची नव्हे, आज्ञाधारकपणाची होती.

मग सुट्टीभर मी आळीतल्या वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या पिशव्या पाहत हिंडलो. चिठ्ठ्यांवर बी.डी., टी.डी.एस., एच.एस. अशी अक्षरे. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे: दिवसातून दोनदा, तीनदा, झोपतेवेळी. रोमचे साम्राज्य केव्हाच लयाला गेले, त्याची भाषा मात्र आमच्याकडच्या औषधांच्या दुकानांत अजून सुखाने नांदते आहे! काही डॉक्टर सोपे करून १-०-१ लिहितात. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. शेजारच्या आबाजींनी ते देवाच्या वर्गणीसारखे वाचले. “डाक्तरनं एकशे एक गोया लिहून देल्ल्या, दुकानदारानं दहाच देल्ल्या,” अशी त्यांची तक्रार होती. मी हसलो खरा, पण अंक वाचता येत असूनही अर्थ न लागणे ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. पांढरकवडा-झरीकडे कोलामी, तांड्यांवर गोरमाटी. तेथील म्हाताऱ्यांना तर आमची मराठीसुद्धा दुसरी भाषा.

पिशव्यांत आणखी पुष्कळ सापडले. एकाच औषधाची दोन कंपन्यांची दोन नावे, दोन डॉक्टरांनी दिलेली, आणि मावशी दोन्ही घेत होत्या. (औषधाचे मूळ नाव सुवाच्य लिहावे, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला, चिठ्ठ्या पाहून तसे वाटत नाही.) मुदतीची तारीख असलेला तुकडाच कापून गेलेल्या पट्ट्या. हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली गोळी, घशाखाली उतरत नाही म्हणून खलबत्त्यात कुटलेली. अशाने दिवसभराचे औषध एकदम अंगावर येते. दुपारची गोळी घरी कोनाड्यात आणि बाई कापूस वेचायला शेतात. सर्वांत भीती वाटली ती संधिवातासाठीच्या मेथोट्रेक्सेटची. ती बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. ‘आठवड्यातून’ हा एक शब्द ऐकायचा राहिला की संपले.

हे टाळता येत नाही असे नाही. कुष्ठरोगाची आपल्या विदर्भाला जुनी ओळख. त्यावर अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली, आणि पुढे त्यांची २८ दिवसांची पाकिटे आली. महिन्याचा पहिला डोस कर्मचाऱ्यासमोर गिळायचा, पुढे रोजच्या गोळ्या आपापल्या कप्प्यात. अक्षरओळख नसली तरी कप्पा रिकामा झाला की नाही ते दिसते. तेथे पाकीटच रोग्याशी बोलते.

एरवी बोलणे होते ते असे: “समजलं ना आजी?” “हाव, समजलं.” बाहेर रांग लागलेली असते, आणि वडीलधारे माणूस शिकल्यासवरल्यासमोर ‘नाही’ म्हणत नाही. आशाताईंची रीत निराळी. त्या विचारतात, “आता घरी जाऊन कशी घ्याल, ते मला सांगा बरं.” एवढ्याने गफलत तिथल्या तिथे बाहेर पडते.

मीही आजीला तसेच विचारले. तिच्याकडे तीन गोळ्या. थायरॉइडची उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी; साखरेची; आणि रात्रीची कोलेस्टेरॉलची. तिने तीन डब्या मांडल्या. एकीवर चुन्याने सूर्य, दुसरीत ज्वारीचा दाणा, तिसरीला काळा दोरा. “ही उठल्याची, ही भाकरीची, ही निजाची,” असे घडघडा म्हणून दाखवले. मग भाकरीची डबी हातात धरून म्हणाली, “अन् ज्या दिवशी भाकरच नसन, त्या दिवशी काय करू रे बाबू?”

मला उत्तर येत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेलो आणि तिलाच हा प्रश्न विचारायला लावला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि वर्षातले उपवास विचारले. आजी बोटांवर मोजू लागली: दोन्ही एकादश्या, चतुर्थी, श्रावणातले सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस…