बिलांची वर्गवारी आता आपोआप

व्यापारी बांधवांच्या संगणकात बिले व डिझाइनचे फोटो एकाच फोल्डरमध्ये साचतात. ऐनवेळी बिल सापडत नाही. जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात.

विंडोजमध्ये उपाय सोपा आहे. त्याच फोल्डरमध्ये बिलांसाठी व फोटोंसाठी आधी दोन फोल्डर करावेत. नोटपॅडमध्ये ‘मूव्ह’ आज्ञेच्या दोन ओळी लिहाव्यात: पीडीएफ बिलांत, जेपीजी फोटोंत. ही फाइल तिथेच ठेवून नावाशेवटी ‘डॉट बॅट’ लावावे. डबल क्लिक करताच वर्गवारी होते.

मात्र सावधान! अशा फाइलीतून चालवलेली ‘मूव्ह’ त्याच नावाचे जुने बिल न विचारता पुसते. म्हणून प्रत्येक बिलाच्या नावात तारीख व क्रमांक घालावा.