आधुनिक जर्मन कादंबरीतील धार्मिक प्रतीके : अपराध आणि कृपा

प्रास्ताविक :
दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन कादंबरीपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला : राष्ट्राच्या हातून घडलेल्या महापातकाला क्षमा असू शकते काय? त्याचा शोध घेताना लेखकांनी ख्रिस्ती प्रतीकांचा आश्रय घेतला. मात्र तो सांत्वनासाठी नव्हे. प्रस्तुत लेखात दोन कादंबऱ्यांच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

‘डॉक्टर फाउस्टुस’ (१९४७) :
थॉमस मान यांनी ही कादंबरी अमेरिकेत, निर्वासित अवस्थेत लिहिली. नायक आद्रियान लेव्हरक्यून ईश्वरशास्त्राचा अभ्यास सोडून संगीताकडे वळतो. चोवीस वर्षांच्या असामान्य प्रतिभेच्या मोबदल्यात तो सैतानाशी करार करतो. अट अशी, की त्याने कोणावरही प्रेम करू नये. आपले पाप क्षमेपलीकडचे आहे, ही निराशाच कृपेला पात्र ठरेल, असा तर्क तो मांडतो. त्यावर सैतान बजावतो, की असा हिशेबच कृपेचे दार बंद करतो. कृपा हा हक्क नव्हे, हे धर्मतत्त्व येथे सैतानाच्याच मुखातून येते. अखेरीस निवेदक त्साइटब्लोम मित्रासाठी आणि मातृभूमीसाठी एकत्रच दयेची याचना करतो. त्यामुळे एका व्यक्तीचा करार राष्ट्राचे रूपक बनतो.

‘साडेनऊचे बिलियर्ड’ (१९५९) :
कलोनचे कॅथलिक लेखक हाइनरिश ब्योल यांच्या या कादंबरीत फेमेल घराण्याच्या तीन पिढ्या येतात. सत्ता व हिंसेपुढे नतमस्तक झालेल्यांनी जणू ‘रानरेड्याचा संस्कार’ स्वीकारला आहे. त्यांचे बळी म्हणजे कोकरे. ख्रिस्तशरीर ग्रहण करण्याच्या संस्काराचा हा विपर्यास आहे, तर कोकराच्या प्रतिमेमागे ‘देवाचा कोकरा’ म्हणजे ख्रिस्त आहे. आजोबा हाइनरिश यांनी बांधलेला संत अँटनीचा मठ मुलगा रॉबर्ट युद्धाच्या अखेरीस सुरुंगाने उडवतो. नातू योझेफ त्याच्या पुनर्बांधणीत गुंततो. रॉबर्टच्या दृष्टीने ते भग्नावशेष म्हणजे कोकरांचे स्मारक होय. ऐंशीव्या वाढदिवशी हाइनरिश मठाच्या आकाराचा केक कापून पहिला तुकडा रॉबर्टलाच देतात.

निष्कर्ष :
मान यांच्याकडे कृपा याचनेपुरतीच उरते. ब्योल यांच्याकडे ती कुटुंबाच्या पंगतीत क्षणभर दिसते. मात्र मठ पुन्हा बांधला म्हणजे अपराध पुसला गेला, असे दोघांपैकी कोणीही मानत नाही. अपराधाच्या उच्चारावाचून मागितलेली क्षमा पोकळ ठरते, हेच या प्रतीकांचे सांगणे आहे.