मँगनीजचे सात इलेक्ट्रॉन
(लेखमाला : मूलद्रव्यांची जडणघडण, भाग ९)

मागच्या भागात आपण सोडियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनिअम यांची इलेक्ट्रॉन संरूपणं मांडली होती : २,८,१ मग २,८,२ आणि २,८,३. शेवटचा आकडा वाचायचा, तेवढे संयुजा इलेक्ट्रॉन. या तिघांच्या बाबतीत हे चोख जमतं. आज मँगनीज घेऊ. अणुअंक २५, संरूपण २, ८, १३, २. शेवटचा आकडा २, म्हणून दहावीतली पुष्कळ मुलं ‘संयुजा इलेक्ट्रॉन दोन’ असं लिहितात.

हे उत्तर प्रत्यक्ष संयुगांशी ताडून पाहायला हवं. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची खाण आहे. तिथल्या काळ्या खनिजात मँगनीज डायऑक्साइड असतं. साध्या बॅटरी सेलमधली काळी भुकटी मुख्यतः याच संयुगाची. त्यात एका मँगनीजमागे दोन ऑक्सिजन असतात आणि प्रत्येक ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन लागतात. म्हणजे मँगनीजचे चार खर्ची पडले. आता पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे घ्या. तिथे ऑक्सिजन चार, त्यांची गरज आठ इलेक्ट्रॉनची. एक पोटॅशियमने दिला. उरलेले सात मँगनीजचेच असणार.

बाहेरच्या कवचात दोनच इलेक्ट्रॉन असतील, तर हे सात आले कुठून?

त्यासाठी कवचाच्या आत, उपकवचांपर्यंत जायला हवं. मँगनीजच्या २५ इलेक्ट्रॉनांपैकी पहिल्या १८ची मांडणी आर्गॉनसारखी आहे. आर्गॉन हा निष्क्रिय वायू, आणि हे १८ इलेक्ट्रॉन तितकेच स्वस्थ. रासायनिक व्यवहारात ते पडत नाहीत. ते बाजूला ठेवले की सात उरतात : ४एस उपकवचात २ आणि ३डी उपकवचात ५. हे पाच इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचाच्या १३मध्ये मोजले गेले, म्हणून ते आपल्याला ‘आतले’ वाटले. ऊर्जेच्या दृष्टीने मात्र ३डी आणि ४एस शेजारी आहेत. म्हणून संक्रामक धातूंसाठी रीत बदलते. मागचा निष्क्रिय वायू शोधायचा, त्याचे इलेक्ट्रॉन वजा करायचे आणि जे उरतील ते सगळे, एस आणि डी दोन्हीतले, हिशेबात धरायचे.

सातही इलेक्ट्रॉन सारख्याच सहजतेने सुटतात असं मात्र नाही. पहिला काढायला एका मोलमागे ७१७ किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला १५०९, आणि तिसऱ्याला एकदम ३२४८. पहिले दोन जातात ते ४एसमधले. ४एस ३डीच्या आधी भरतं, म्हणून रिकामंही नंतर व्हावं असा तर्क मुलं करतात, आणि तो चुकतो. याला प्रयोगाचा पुरावा आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या मँगनीज आयनाची चुंबकीयता मोजली की ती साधारण ५.९ बोर मॅग्नेटॉन भरते. हा आकडा पाच एकाकी इलेक्ट्रॉनांचा आहे. दोन इलेक्ट्रॉन ३डीमधून गेले असते, तर तिथे तीनच एकाकी उरले असते आणि मोजमाप ३.९च्या आसपास आलं असतं.

परमँगनेटमधले सात इलेक्ट्रॉनही अणू सोडून पूर्णपणे निघून गेलेले नसतात. सात इलेक्ट्रॉन ओरबाडून काढलेला मोकळा मँगनीज आयन कुठल्याही बाटलीत सापडणार नाही. ते ऑक्सिजनबरोबरच्या बंधांत गुंतलेले असतात, आणि बंधातला वाटा ऑक्सिजनच्या नावावर मांडण्याची आपली पद्धत आहे. संयुजा इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा खरा अर्थ मला इथे दिसतो. बंध जुळवताना जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन कामी येऊ शकतील, याची ती मर्यादा आहे. मँगनीज कधी दोन वापरतं, कधी चार. हिरव्या मँगनेटमध्ये ते सहा वापरतं.

बारावीच्या प्रयोगशाळेत हा हिशेब डोळ्यांसमोर घडतो. ब्युरेटमधलं परमँगनेट आम्लयुक्त ऑक्झॅलिक आम्लात थेंबथेंब पडतं आणि रंग नाहीसा होतो. प्रत्येक मँगनीज तिथे पाच इलेक्ट्रॉन परत घेतं आणि साताचं दोनावर येतं. फ्लास्कमधलं द्रावण फिकट गुलाबी राहिलं, की घेणारं मँगनीज शिल्लक राहिलं आणि देणारं काही उरलं नाही, एवढं समजायचं.

आजूबाजूचे धातू आता भराभर पाहू. स्कँडियमचे तीन, टायटॅनियमचे चार, व्हॅनेडियमचे पाच, क्रोमियमचे सहा. मँगनीजपर्यंत प्रत्येक धातू आपले सगळे संयुजा इलेक्ट्रॉन कामाला लावू शकतो. टोकाला जस्त आहे. आर्गॉन वजा केला तर त्याचे बारा उरतात, पण त्याचं ३डी दहा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेलं आणि घट्ट बांधलेलं असतं. म्हणून जस्ताचे दोनच धरतात. गॅलियममध्येही तेच, तिथे दहा सोडून तीन मोजायचे. तांब्याचं ३डीसुद्धा भरलेलं, ४एसमध्ये एकच इलेक्ट्रॉन. तरी मोरचुदातलं तांबं दोन इलेक्ट्रॉन देतं, म्हणजे एक ३डीमधला गेला. त्यामुळे तांब्याला जस्ताचा नियम लावता येत नाही.

लोखंडासाठी स्वतंत्र भाग हवा. ४एसमध्ये दोन आणि ३डीमध्ये सहा, असे त्याचे संयुजा इलेक्ट्रॉन आठ. पण केंद्रकात एक प्रोटॉन वाढला आहे आणि ३डीवरची पकड आवळली आहे. फेरेटसारख्या तीव्र ऑक्सिडीकारक संयुगातही लोखंड सहापर्यंतच पोचतं. त्याच गणात खाली असलेली रुथेनियम आणि ऑस्मियम मात्र चार ऑक्सिजनांशी जुळताना आठही इलेक्ट्रॉन वापरतात. त्यांची डी उपकवचं अधिक पसरलेली आहेत आणि केंद्रकाची पकड तिथे सैल पडते. त्याचा तपशील पुढच्या आठवड्यात.