पहाटे आखडणारी बोटे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीतील तेथील पहाट गार असते, आणि उठल्यावर मूठ पुरती मिटत नाही याचा दोष सर्रास त्या गारठ्याला दिला जातो. थंडीने दुखणे अधिक जाणवते हे खरे, परंतु सांधा सुजतो तो थंडीने नव्हे. सांध्याच्या आतील अस्तराला दाह झालेला असेल, तर तो भडकवणारी द्रव्ये रक्तात उत्तररात्री वाढतात, त्यांना आवर घालणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक त्या मानाने अपुरे पडते, आणि हात रात्रभर न हलल्याने सुजलेल्या भागात द्रव साचून राहतो. म्हणूनच अशा रुग्णाची बोटे ऐन मे महिन्यातही पहाटेच आखडतात.

त्यामुळे किती दुखते यापेक्षा बोटे मोकळी व्हायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून पाहणे अधिक मोलाचे ठरते. झिजेच्या संधिवातात, म्हणजे हाडांच्या टोकांवरील कूर्चा विरळ होण्याच्या विकारात, ती बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळी होतात, आणि त्रास नखांजवळच्या सांध्यांत व अंगठ्याच्या मुळाशी अधिक असतो. उलट आमवातात, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या विकारात, आखडलेपण तासभर किंवा त्याहूनही अधिक रेंगाळते, सूज बोटांच्या मुळांशी आणि मधल्या सांध्यांवर सहसा दोन्ही हातांना सारखीच येते. याला म्हातारपणाचे दुखणे समजणे फार घातक आहे, कारण आमवात ऐन तिशी-चाळिशीतही जडतो, स्त्रियांत तो पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो, आणि उपचार लांबल्यास पहिल्या एक-दोन वर्षांतच हाडांची जी झीज होते ती पुढे भरून येत नाही.

मात्र हात दुखला की वातच, असेही नाही. 2005 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या म्हैसूर अगरबत्तीचे काम घरोघरी स्त्रियांनी हातांनी केलेले आहे: पाटावर ओला मसाला घ्यायचा आणि बांबूच्या काडीभोवती तो तळहाताने वळत जायचा. तासन्‌तास चालणाऱ्या अशा कामात मनगटातून जाणारी नस दाबली जाऊ शकते. मग रात्री अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी वाचते, आणि हात झटकल्यावर बरे वाटते. मिटलेले बोट अडकून खट्‌कन उघडत असेल, तर दोष सांध्यात नसून स्नायूच्या दोरीभोवतीच्या आवरणात असतो, आणि मधुमेह्यांत तो अधिक दिसतो.

कर्नाटकात आणखी एक कारण ध्यानात ठेवावे लागते. 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत साथ आणणारा चिकुनगुन्या तीन दशकांनी परतला, तेव्हा 2006 मध्ये देशातील सुमारे 14 लाख संशयित रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक कर्नाटकातले होते. त्याचा ताप आठवड्याभरात उतरतो, पण बोटे आणि मनगटे महिनोन्‌महिने आखडलेली राहू शकतात. म्हणून असा ताप येऊन गेला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

‘आर.ए. टेस्ट’ पॉझिटिव्ह आली म्हणजे आमवात ठरला, ही समजूतही चुकीची आहे, कारण ही तपासणी काही निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते आणि काही खऱ्या रुग्णांत निगेटिव्ह. निदान सांधे दाबून, सूज पाहूनच करावे लागते. चिंच, दही, वांगे सोडल्याने आमवात बरा होतो असा पुरावा नाही. सकाळी हात पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, आधी बोटांची टोके तळव्याच्या वरच्या कडेला लावत आणि मग सावकाश पूर्ण मूठ वळत गेल्यास आराम पडतो. लाल, गरम झालेला सांधा मात्र जोराने चोळू नये.

आमवातावरील मेथोट्रेक्सेट ही ‘कर्करोगाची गोळी’ म्हणून अनेक जण टाळतात, वास्तविक येथे तिची मात्रा कर्करोगातल्यापेक्षा कितीतरी कमी असते. खरा धोका निराळा आहे: ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून गोळीचा वार चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावा. गर्भधारणेचा विचार असल्यास ती डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने आधी थांबवावी लागते, आणि तरुण स्त्री-रुग्णांना हे पहिल्याच भेटीत सांगितले गेले पाहिजे.