बारापैकी चार

सकाळी सात

गाडीजवळ पोचल्यावर पहिलं काम ट्रॅक्टर सोडवायचं. मालकाच्या धाकट्या भावानं पहाटेच टाटाच्या पुढच्या हुकात साखळी अडकवून ठेवलेली. "ओढून पाहू ना भाऊ, पाच मिनटात चालू होते." मूल असो, गोंडपिपरी असो की पोंभुर्णा, हे वाक्य सगळीकडे ठरलेलं आहे. बरीच वर्षं उभी असलेली गाडी दिसली की लोकांचे हात ओढायला शिवशिवतात. बंद इंजिनाची जेवढी नासाडी गंज करत नाही तेवढी ही साखळी करते, हे माझं ठाम मत. ते दर गावात नव्यानं पटवावं लागतं.

डिझेल इंजिनात पिस्टन पार वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट उरते. हवा इतकी दाबली जाते, म्हणूनच तर ठिणगीशिवाय डिझेल पेटतं. आता एखादा वाल उघड्या अवस्थेतच गाईडमध्ये जाम होऊन बसला असेल, तर तो आठ-दहा मिलिमीटर खाली लोंबत असतो. गाडी गिअरमध्ये टाकून ओढली की पिस्टन खालून येऊन त्याला धडकणार. नशीब चांगलं असेल तर नुसता वाल वाकतो. नसेल तर त्याचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं आणि मग पिस्टन, हेड, लायनर, सगळ्यांचाच निकाल लागतो.

साखळी निघाली. भाऊ थोडा रुसला, पण निघाली.

गाडी टाटा १२१०, सत्तरच्या दशकातली. टेल्कोनं १९५४ साली डाइम्लर-बेन्झशी हातमिळवणी करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. १९६९ मध्ये तो करार संपला आणि नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला. ही त्यानंतरची, पण इंजिनाचं कूळ जर्मनच: एका ओळीत सहा सिलिंडर, सहाही सिलिंडरवर मिळून एकच लांबलचक बिडाचं हेड, आणि सिलिंडरमागे दोन म्हणजे बारा वाल. उभी हयात हिनं बल्लारपूरच्या पेपर मिलला बांबू वाहिला. आता मोहाच्या झाडाखाली, तणशीच्या ढिगाला खेटून उभी आहे.

मालकाला ती धंद्याला लावायची नाही. वडिलांची गाडी, चालती असावी, एवढंच. हिला विंटेजचा नंबर मिळेल का, असं त्यानं विचारलं. २०२१ च्या केंद्राच्या नियमात विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या दुचाकी आणि प्रवासी मोटारी. मालट्रकला त्यात जागा नाही. संस्थानिकांच्या मोटारींना मान, आणि अर्ध्या जिल्ह्याचा बांबू ओढलेल्या ट्रकला भंगाराचा काटा. असो.

साडेसात

माझ्याबरोबर आयटीआय झालेला एक पोरगा आहे. मागच्या आठवड्यातच तो येऊन सहाही नोझल काढून, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून ओतून गेला होता. त्यामुळे रिंगा सुटल्या असाव्यात. पण क्रँक फिरवून बघायचा मोह आत्ता आवरायचा. आधी वर काय आहे ते बघायचं.

टॅपेट कव्हर उघडलं. रॉकरवर तांबूस धूळ, दोन-तीन स्प्रिंगांवर गंजाची साय. या अवस्थेत काहीच कळत नाही, कारण जो वाल खाली आहे तो जाम आहे म्हणून खाली की कॅमनं रीतसर दाबून धरलाय म्हणून, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रॉकर शाफ्टच काढून टाकायचा. त्याचे बोल्ट एकेक आटा करत, सगळीकडून सारखे ढिले करावे लागतात. एकीकडून घाई केली तर शाफ्ट वाकतो. पुशरॉड काढले की खोक्याच्या पुठ्ठ्याला बारा भोकं पाडून, नंबर टाकून त्यात उभे करायचे. पोरगा नंबर टाकायला कंटाळतो. मी उभा राहून टाकायला लावतो.

रॉकर गेला की वालला दाबणारं कुणीच उरत नाही. मग बाराही दांड्या आपापल्या स्प्रिंगच्या जोरावर एका पातळीत उभ्या राहायला हव्यात. हेडवर पोलादी पट्टी आडवी धरली. आठ पट्टीला टेकले, चार खाली: पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट, दुसऱ्या आणि सहाव्याचे इनलेट.

हे चारच का, याचं उत्तर फायरिंग ऑर्डरमध्ये आहे. १-५-३-६-२-४. सहा सिलिंडरचं इंजिन कुठंही थांबवा, साधारण दोन एक्झॉस्ट आणि दोन इनलेट उघडे सापडतात. बंद वालची बैठक सीटवर घट्ट असते. उघड्याची दांडी मात्र पोर्टमध्ये उघडी पडते आणि सिलिंडरमध्येही तिथूनच ओल शिरते. इथं तर दोन्ही दारं सताड होती. एअर क्लीनर कधीच कुणीतरी काढून नेलेला, तोंडावर नुसता बारदाना. दुसरीकडे सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डपाशीच सडून गळालेला, आणि त्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. ते पेचकसानं खरवडून काढताना आतून वाळक्या अळ्यांचा चुरा पडला. झाडीपट्टीचा पाऊस इतकी वर्षं या दोन भोकांतून आत-बाहेर करत होता.

सायकलचा आरा नोझलच्या भोकातून आत सोडून पिस्टन कुठं आहेत ते मोजलं. एक आणि सहा तळाला. दोन आणि चार मधल्यापेक्षा थोडे वर, पण वालला टेकण्याइतके नाहीत. म्हणजे ठोकायला चौघांच्याही खाली मोकळी जागा आहे. हे मोजल्याशिवाय हातोडी उचलायची नाही.

नऊ

दोन्ही मॅनिफोल्ड उतरवले, कारण औषध दोन्ही बाजूंनी पाजायचं असतं: वरून स्प्रिंगच्या आतून गाईडच्या तोंडाशी, आणि खालून पोर्टमधून दांडीच्या मुळाशी. पूर्वी रॉकेलनं भागायचं. रेशनचं रॉकेल मिळेनासं झाल्यापासून मी पॉवर स्टिअरिंगचं लाल ऑइल आणि थिनर सारखं मिसळून वापरतो. बाजारातल्या स्प्रेच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतं आणि माझ्या मते जास्त आत शिरतं. मात्र मिसळल्यावर हलवत राहावं लागतं, नाहीतर दोन्ही वेगळं होतं.

अडकण्याची कारणं दोन असतात आणि ती ओळखू यावी लागतात. एक म्हणजे गंज. दुसरं, दांडी आणि गाईडमध्ये राहिलेलं जुनं ऑइल, जे वर्षानुवर्षं वाळून लाखेसारखं धरून बसतं. इनलेटला बहुधा ही लाखच असते. तिला थिनर कळतो. एक्झॉस्टला गंज, आणि वर जळक्या डिझेलची काजळी.

तासभर हात लावायचा नाही. मालकाच्या आईनं चहा पाठवला.

सव्वादहा

"उस्ताद, टॉर्च मारू का? दोन मिनिटांत सुटते." पोरग्याला आयटीआयमध्ये गॅस कटिंग आवडलेलं दिसतं. वीतभर अंतरावर तणशीचा ढीग, हेडवर थिनर, आणि हा टॉर्च मारणार. शिवाय बीड एकाच जागी तापवलं की तडकतं, आणि या इंजिनाचं हेड तडकलं तर दुसरं शोधायला भंगारवाल्यांच्या दारोदार फिरावं लागतं.

ऊब हवी होतीच, ती पाण्यानं दिली. हेडवरचा थर्मोस्टॅटचा डबा खोलून तिथूनच ओतायचं. आईंनी चुलीवर दोन गंज, म्हणजे पातेली, चढवले. आधी कोमट, मग जरा गरम, मग कडकडीत. खाली ब्लॉकच्या कॉकमधून गार झालेलं सोडत राहायचं. पहिल्यांदा पाणी चिखलागत तांबडं आलं, तिसऱ्या गंजाला निवळलं. हात ठेववणार नाही इतकं हेड तापलं की गाईडपाशी घातलेलं ऑइल पातळ होऊन आत ओढलं जाताना दिसतं. दांडीभोवतीचं ओलं कडं हळूहळू खाली जातं. ते गेलं की पुन्हा चार थेंब.

अकरा

पावशेराची हातोडी आणि करंगळीएवढी जाड पितळी दांडी. पोलादाची नको, तिनं वालचं टोक पसरतं, मग कॉटर निघत नाहीत.

भाऊ जवळ येऊन बसला होता. त्याला कोडं पडलं: वाल खालीच अडकलाय, तर आणखी खाली काहून ठोकता? प्रश्न बरोबर आहे. वर ओढायला स्प्रिंग चोवीस तास जोर लावतेच आहे; तेवढ्यानं सुटला असता तर आपण कशाला आलो असतो? गंजाचं कडं मोडायला दांडी हलायला हवी, मग ती कुठल्याही दिशेनं का असेना. खाली केसभर गेली तरी पुरे. मग स्प्रिंगच्या टोपीखाली दोन्हीकडून टॉमी घालून वर उचलायचं, पुन्हा खाली टिचकी, पुन्हा वर. मध्ये मध्ये औषध.

सहाव्याचा इनलेट आधी घेतला. जाम वालवर हातोडी पडली की आवाज बद्द येतो, सगळं हेडच एकसंध असल्यासारखा. बराच वेळ तसाच येत राहिला. मग एका ठोक्याला आवाजाची जात बदलली, किंचित कणदार झाला. हाताला काही कळलं नव्हतं, कानाला आधी कळलं. पट्टी लावली तर अर्धा मिलिमीटर खाली. इथून पुढं जोर वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. पोरगा नेमका इथंच वाढवतो. टॉमीनं उचलला तेव्हा काळपट चिकट रस दांडीबरोबर वर आला. लाखच होती. दहा-बारा वेळा वर-खाली केल्यावर स्प्रिंगनं तो स्वतःच ओढून घेतला आणि सीटवर टक् करून बसला.

दुसऱ्याचा इनलेट त्यामानानं साधा निघाला.

एक

भात, लाखोळीची भाजी, वांगं. जेवायला या गाडीचे जुने ड्रायव्हरकाका आले. "चालू हालतीत ठेवली होती जी," हे त्यांनी बसायच्या आधी सांगितलं. पुढं काही वर्षं ते दिवाळीला येऊन इंजिन चालू करून जायचे. मग बॅटरी गेली, नवी कुणी घेतली नाही. माझ्या हिशेबी गाडी त्या दिवशी बंद पडली.

काका रमले ते टीपीच्या गोष्टींत. बांबू भरला की टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, हातात पडेपर्यंत गाडी हलायची नाही, आणि नाक्यानाक्यावर तो कागद दाखवायचा. २०११ च्या एप्रिलमध्ये पलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती परवान्याचं पुस्तक आलं आणि गाव आपला बांबू आपल्या सहीनं विकू लागलं. काकांना ते अजून नवल वाटतं. "आमच्या वक्ताले असं असतं तर अर्धी जिंदगी नाक्यावर गेली नसती."

दोन

एक्झॉस्ट. पहिल्याचा तासाभरात हलला, पण वर येताना खरखरत होता. अशा वेळी नुसतं वर-खाली पुरत नाही, वाल फिरवावा लागतो. पकडीनं दांडी धरायची नाही, तिच्यावर ओरखडा पडला की तो गाईड खातो. टोपीला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून स्प्रिंगसकट फिरवला. काजळी पावडर होऊन पोर्टमध्ये गळू लागली.

चौथ्यानं दमवलं. पुन्हा गरम पाणी, पुन्हा औषध. सुटला तो सुटला, पण सोडून दिला की स्प्रिंग त्याला सावकाश वर नेते, शेवटचे दोन मिलिमीटर तर ढकलावेच लागतात. बॅटरीचा उजेड पोर्टमध्ये पाडून बघितलं: दांडीवर खड्डे पडलेत, मोहरी बसेल एवढे. हा घासून गुळगुळीत होणार नाही.

साडेतीन

पुशरॉड खिडकीच्या काचेवर एकेक लोळवले. वाकलेला असेल तर लोळताना काचेखाली उजेड उघडझाप करतो. सगळे सरळ निघाले. म्हणजे मधल्या काळात कुणी ओढून बघितलेलं नाही. हे मी मोठ्यानं म्हणालो, भावाकडे न बघता.

रॉकर शाफ्ट चढवला, टॅपेट लावले. इनलेटला फट कमी, एक्झॉस्टला जास्त, कारण तो जास्त तापतो आणि तापून लांबतो. नोझल परत बसवले. मग क्रँक पुलीच्या नटावर पाना, पान्याला लांब पाइप, आणि पहिल्यांदाच इंजिन फिरवलं. पोरगा पाइपावर, मी वर वालवर बोट ठेवून. काहीही अडलं तर थांबायचं, दाबायचं नाही. दोन पूर्ण फेऱ्या झाल्या म्हणजे सगळे वाल एकदा उघडून मिटले.

पाइपला प्रत्येक सिलिंडर आपापल्या पाळीला अडवतो, तो हवेचा दाब. पाच ठिकाणी अडला. चौथ्याला पाइप तसाच निघून गेला, आणि मॅनिफोल्डच्या उघड्या पोर्टमधून सूं करून हवा सुटली. काकांनी कान लावून ऐकलं आणि मान हलवली.

पाच

"पाचवर तर चालते ना?" भावानं विचारलं. चालेल. धूर ओकत, थडथडत चालेल, आणि चौथ्याचा आळशी वाल गरम झाल्यावर पुन्हा उघडाच राहिला की सकाळी सांगितलं तेच होईल, फक्त ट्रॅक्टरशिवाय. त्याशिवाय टाकीत जुनं डिझेल शेवाळलंय आणि पंपाचा रॅक तपासायचाच आहे. आज चालू होणार नाही.

मालकाला यादी लिहून दिली: एक एक्झॉस्ट वाल, गाईड, हेड गॅस्केट, घासायची पेस्ट, डिझेल फिल्टर. नागपूरला मिळेल, चंद्रपूरला आधी विचारा. हेड दोघांना उचलत नाही, तेव्हा मोहाच्या फांदीला चेनपुली लागेल. फांदी कोणती ते काका दाखवतील. गॅस्केट हातात आल्याशिवाय फोन करू नका, कारण एकदा उघडलेलं हेड आठवडाभर तसंच राहिलं तर आज सोडवलेलं सगळं पुन्हा धरेल. तोवर दर दोन दिवसांनी पाइप लावून इंजिन दोन फेऱ्या फिरवायचं, आणि बाराही दांड्यांवर ऑइलचे थेंब. हे काम भावानं स्वतःहून मागून घेतलं.

अंधारी नदीकाठचा रस्ता, वाघाचा वावर, आणि आमची मोटारसायकल. हत्यारं मोजून पेटीत टाकली. पितळी दांडी तेवढी काकांकडे ठेवली, चौथ्याला रोज टिचकी मारायला.